हातरिक्षा, ई-रिक्षा आणि आमची नोकरी

मागच्या शनिवारी टीममधले आम्ही चौघे माथेरानला जाऊन आलो. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, पुढे चालत. पहिल्याच चढाला दम लागला आणि जिमची फी फुकट जाते आहे हे कळलं :-)

लहानपणी याच लाल रस्त्यावर आजीला हातरिक्षात बसवलं होतं. पुढे एक माणूस ओढायला, मागे दोघं ढकलायला. आजी सारखी "थांबवा रे, उतरते मी" म्हणत होती. बाबांनी मात्र भाड्यासाठी घासाघीस केली होती. तेव्हा काही वाटलं नाही, आता आठवलं की कसंतरी होतं.

६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणं हे अमानवी आहे, हे सगळ्या पेपरांत छापून आलं. मला त्याच आदेशाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: ई-रिक्षा सरकारने विकत घ्यायच्या आणि खरोखर हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने चालवायला द्यायच्या. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हेही बजावलंय.

म्हणजे यंत्र आणा, पण ते आधी कोणाच्या हातात द्यायचं तेही ठरवा.

हे आपोआप होत नाही. ई-रिक्षांची चाचणी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, आणि त्या फक्त हातरिक्षावाल्यांनाच द्या हे न्यायालयाला २०२४ मध्ये सांगावं लागलं. पंजाबातल्या सायकलरिक्षांचंही असंच होतं. १९७५ च्या कायद्याने परवाना फक्त मालक-चालकाला मिळणार होता. हेतू उत्तम. पण रिक्षा भाड्याने घेऊन चालवणाऱ्याकडे मालक व्हायला पैसे कुठून येणार? १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची व्यवस्था लावून दिली. माथेरानच्या निकालात त्याच जुन्या खटल्याचा दाखला आहे.

त्याआधीचा बदल आठवा. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. तोवर लोक तट्टावर, पालखीत नाहीतर पायी वर यायचे. आपल्याला त्या गाडीच्या इंजिनाचे फोटो माहीत आहेत, इंजिनियरांची नावंही सापडतील. पालखी उचलणाऱ्यांनी पुढे काय केलं हे मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

आता हे सगळं मला का सुचतंय? कारण आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी एक एआय टूल आलं आणि अकरा जणांची टेस्टिंग टीम चारांवर आली. टूल खरंच चांगलं आहे, त्याचा बराचसा सेटअप मीच केला. ते सातजण मशीन चालवायला शिकले असते हो. कोणी विचारलंच नाही. (मीसुद्धा नाही. निरोपाच्या केकचे पैसे मात्र गोळा केले.)

'बदल अटळ आहे' असं आमचे लोक चहा पिताना फार सहज म्हणतात. असेलही. पण बदलातून वाचलेला पैसा कोणाच्या खिशात जावा हे काही निसर्गनियमाने ठरत नाही. माथेरानमध्ये परवानाधारक हातरिक्षा होत्या ९४. तेवढ्या लोकांसाठीही इतकी वर्षं कोर्टात जावं लागलं.

आणि गंमत म्हणजे ई-रिक्षांना सगळ्यात जोरदार विरोध घोडेवाल्यांचा. म्हणजे एका गरिबाचा घाम थांबला की दुसऱ्याचं गिऱ्हाईक जातं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मोटारी वर येऊ नयेत हे मला पटतं, माथेरान त्यामुळेच माथेरान आहे. पण त्या शांततेची किंमत कोणाच्या खांद्यांनी भरली, तेही विसरता येत नाही.

उतरताना एका घोडेवाल्याशी बोलत आलो. म्हटलं, रिक्षा घेणार का?
"आम्हाला कोण देतंय? आणि घोड्याला तर गिऱ्हाईक असो-नसो, रोज चारा लागतोच ना."
मुलगा काय करतो विचारलं. कर्जतला कॉम्प्युटरचा कोर्स.
"साहेब, तुमच्या कंपनीत काही असेल तर सांगा."

मी नंबर घेतला. आज रविवार संपत आला, अजून फोन केलेला नाही.