लहानशी खीळ

बीड जिल्ह्यातील तेलगावच्या साखर कारखान्याकडे उसाने भरलेली बैलगाडी निघाली, की उंच मोळ्या सर्वांच्या नजरेत भरतात. चाक आसावरून निसटू नये म्हणून लावलेल्या लहानशा खिळीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ती गळून पडली, की भरली गाडी जागीच कोलमडते.

संगणकाच्या सृष्टीतही असेच घडते. 'लेफ्ट पॅड' ही अवघ्या 11 ओळींची एक आज्ञावली होती. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरून त्याची लांबी ठरावीक करावयाची, एवढेच तिचे काम! मार्च 2016 मध्ये कर्त्याने ती सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. त्याबरोबर तिच्यावर विसंबलेल्या, जगभरच्या हजारो आज्ञावलींची जुळणी अडली. काही तासांतच ती पुन्हा भांडारात ठेवावी लागली.

दुसऱ्याने घडविलेली वस्तू वापरण्यात कमीपणा नाही. परस्परांच्या साहाय्यानेच विद्या वाढते. परंतु आपले काम कशाच्या आधारावर उभे आहे, हेच ठाऊक नसणे हे परावलंबन होय. म्हणून विद्यार्थ्याने उसनी ओळ घेण्यापूर्वी ती वाचावी, तिचा अर्थ जाणून घ्यावा आणि जी स्वतःस लिहिता येईल, ती स्वतःच लिहावी.