आठ-नऊ जुन्या पवनचक्क्यांच्या जागी एक नवी. उरलेल्या जमिनीचं काय?

पुणे : साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर ओलांडून चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की सगळीकडे पवनचक्क्याच दिसतात. पुढे पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावरही तेच. यातल्या बऱ्याच चक्क्यांना वीस वर्षं उलटून गेली आहेत. पवनचक्कीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं धरतात. म्हणजे पुढं काय, हा प्रश्न आता दारात आलाय.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये ‘रिपॉवरिंग’चं नवं धोरण आणलं. जुन्या, २ मेगावॅटपेक्षा लहान चक्क्या काढून मोठ्या उभारायच्या, असा त्याचा गाभा. राज्यात अपारंपरिक ऊर्जेचं काम पाहणारी ‘महाऊर्जा’ पुण्यात, आणि वनकुसवडेच्या चक्क्या बनवणारी ‘सुझलॉन’ही पुण्याचीच.

कारण सरळ आहे. चांगल्या वाऱ्याच्या जागा आधी भरल्या, पण त्या काळच्या छोट्या यंत्रांनी. वनकुसवडेच्या ३५० किलोवॅटच्या चक्कीच्या पात्यांचा घेर सुमारे ३३ मीटर रुंद. आजच्या ३ मेगावॅटच्या चक्कीचा १४४ मीटर. घेर दुप्पट झाला की वारा पकडणारं क्षेत्र चौपट होतं. या हिशोबाने नवी चक्की जवळपास १९ पट क्षेत्रातला वारा घेते. क्षमतेत ती आठ-नऊ जुन्या चक्क्यांइतकी भरते.

मग घोडं अडतं कुठं? पहिली अडचण मालकीची. कर सवलतीसाठी अनेक कंपन्यांनी इथं चक्क्या घेतल्या. एक मोठी उभी करायची तर शेजारच्या चार मालकांचं एकमत हवं. दुसरी अडचण घाटाची. सत्तर मीटरचं पातं वळणावळणाच्या रस्त्यानं वर न्यायचं, तर रस्ता रुंद करावा लागणार. तो कुणाच्या बांधातून जाणार?

गावाचा खरा प्रश्न पुढेच आहे. चक्क्या कमी झाल्या तर जमीन मोकळी होईल. जिथं जमीन भाडेकराराने दिली आहे, तिथं कराराची मुदत कधी संपते, हे शेतकऱ्याने आजच पाहावं. जिथं विकली आहे, तिथं सातबारावर नेमकं किती क्षेत्र कुणाच्या नावावर आहे, हे तपासावं. जुना काँक्रीटचा पाया कोण उकरणार? फायबरची पाती भंगारातही सहज जात नाहीत, ती कुठं टाकणार? ग्रामपंचायतीचा कर चक्कीच्या संख्येवर लागणार की मेगावॅटवर? संख्येवर लागला, तर वीज वाढेल आणि गावचं उत्पन्न घटेल. राखणीच्या नोकऱ्याही कमी होतील.

धोरण सक्तीचं नाही, त्यामुळे उद्याच क्रेन येईल असं नाही. पण कंपनीचा माणूस नवा करार घेऊन गावात येण्याआधी हे प्रश्न ग्रामसभेत मांडून ठराव करून ठेवलेला बरा. सही झाल्यावर विचारून उपयोग नसतो.