प्रमाणपत्र नको, वर्षाचे युनिट दाखवा



नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर नवीन पनवेलच्या आसपास कार्यालयांच्या इमारती वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यांतल्या बऱ्याच स्वतःला 'हरित' म्हणवतील. पण हे हरितपण बहुधा नकाशावर ठरते. वीजबिल पुढची कित्येक वर्षे येत राहते. पश्चिमेला काचेची भिंत उभारायची, दुपारी चारला ऊन आत आले की पडदे ओढायचे आणि भर दिवसा ट्यूबलाइट लावून एसी 20 अंशांवर ठेवायचा, हा प्रकार नकाशावरून मिळालेल्या प्रमाणपत्रात दिसत नाही. म्हणून माझी मागणी एवढीच, की मोठ्या कार्यालयीन इमारतींनी दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट वापरले, तो आकडा प्रवेशद्वारावर लावावा. समजा, 5,000 चौरस मीटरची इमारत वर्षाला चौरस मीटरमागे 150 युनिट वापरते. म्हणजे साडेसात लाख युनिट. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर सव्वापाचशे टन झाले, तेही दरवर्षी.

आमच्या दमट हवेत एसीशिवाय भागत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा 'बीईई' या केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचाच अंदाज आहे. रात्रपाळीच्या कार्यालयांवर अन्याय होईल, ही शंकाही रास्त. पण तासांचा हिशेब धरून बीपीओ इमारतींची तुलना करण्याची पद्धत याच संस्थेने बसवलेली आहे. छतावर सौर पॅनेल जरूर लावा, मात्र दहा मजल्यांची भूक एका गच्चीने भागत नाही. 'बीईई'चे 2009 पासूनचे कार्यालयांचे तारांकन प्रत्यक्ष वापरावरच होते, पण ते ऐच्छिक आहे आणि घोडे तिथेच अडते. यंत्रणा निवडतो बिल्डर, बिल भरतो भाडेकरू. मग बिल्डरने महागडी, कमी वीज खाणारी यंत्रणा का बसवावी? आकडा दारावर असेल तर करार करण्याआधी भाडेकरू तो विचारेल. जुन्या इमारतींचीही सबब चालू नये. मुंबईतल्या 1972 च्या गोदरेज भवनात 2010 मध्ये ऊर्जाबचतीच्या सुधारणा झाल्या. सक्तीसाठी राज्याचा नियम लागत असेल, तर तो होईपर्यंत पनवेल महापालिकेने निदान स्वतःच्या कार्यालयांचे एप्रिल ते मार्चचे युनिट जाहीर करावेत.

– एक वाचक, नवीन पनवेल