निशाणी ५ म्हणजे काय रे भाऊ?

सीईटीचे निकाल लागले की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. कुणाचा भाचा पाच वर्षांच्या लॉला जाणार असतो, कुणाची पुतणी तिसऱ्या वर्षाला पोचलेली असते, आणि नात्यात वकील म्हणून मी एकटीच. "ताई, तिला जरा सांग ना पुढं काय करायचं ते." एकेकाला सांगून दमले, म्हणून यंदा इथेच लिहून टाकते. शेवटचा भाग आई-बापांसाठी आहे, तो गाळू नये.

माझं मत आधीच सांगते. लॉच्या पोरांना कायदा कमी येतो असं मला वाटत नाही. त्यांनी कागद पाहिलेला नसतो, ही खरी अडचण. इंटर्नशिपला येणारी मुलं केशवानंद भारती (१९७३) घडाघडा सांगतात. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, सगळं पाठ. मग मी विचारते, निशाणी ५ म्हणजे काय? की शांतता!

दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज देतात, तो आमच्याकडच्या कोर्टांत निशाणी ५ ला लागतो. पुस्तकात हाच प्रकार ऑर्डर ३९ रूल १ आणि २ म्हणून असतो, तो त्यांना तोंडपाठ असतो. पण हे दोन्ही एकच, हे कुणी सांगितलेलं नसतं. दावा चालायचा तितकी वर्षं चालेल, तोवर भिंत कोण बांधणार आणि शेत कोण पेरणार हे या अर्जावर ठरतं. पक्षकाराच्या लेखी निम्मी लढाई इथेच होते.

दुसरी गोष्ट भाषेची. १९९८ पासून महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत, सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, सगळं बहुतेक मराठीत येतं. इंग्रजी माध्यमाची हुशार पोरं 'सरतपास' या शब्दाशी अडखळतात, आणि मराठी माध्यमातली पोरं उगाच खाली मान घालून बसतात. अरे, इथे तुम्ही चार पावलं पुढे आहात! इंग्रजी शिकायलाच हवं, हायकोर्टात त्यावाचून चालत नाही. पण त्यासाठी मराठीची लाज कशाला?

एक घरचा अभ्यास देते. आपल्याच घराण्याच्या जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार काढा, आणि पणजोबांपासून आजपर्यंत नावं कशी बदलत आली ते कागदावर मांडा. सातबाऱ्यावर नाव तो मालक, असं दहातली नऊ मुलं म्हणतात. तसं नसतं. तो महसुलाचा कागद आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. मालकी येते खरेदीखतातून, वारसाहक्कातून, वाटपातून. आणि हे करताना आत्यांची नावं कुठे गेली तेही बघा. काही 'इतर हक्कां'च्या रकान्यात सापडतील, काही हक्कसोडपत्रात संपलेली असतील. मग २००५ ची हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती वाचा, आणि मुलगी जन्मानेच सहदायाद आहे असं सांगणारा विनीता शर्मा खटल्याचा २०२० चा निकाल वाचा. एका सेमिस्टरचा कौटुंबिक कायदा त्यात येतो. (जेवणाच्या पंगतीत हा विषय काढायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं!)

गाईडं मात्र लांब ठेवा, बेअर अ‍ॅक्ट वाचा. १ जुलै २०२४ ला फौजदारीचे तिन्ही जुने कायदे गेले. तेव्हापासून आम्हा जुन्या खोडांची जी त्रेधा उडाली ती बघण्यासारखी आहे. पूर्वी '४८२' म्हटलं की हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज, आता नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते जुनं ४८२ गेलं ५२८ ला. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनंच दंडविधान लागतं, म्हणजे दोन्ही येणं भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट वाचता येतात, तेव्हा पुस्तकं महाग ही सबब आता नको.

आता पोटापाण्याचं. मुंबईतल्या मोठ्या फर्मची नोकरी मिळाली तर खुशाल घ्या, पण सगळ्यांनी तिच्याच मागे धावण्यात अर्थ नाही, जागा मूठभर असतात. न्यायाधीश व्हायचं असेल तर २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. कनिष्ठ स्तरासाठी त्यात तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. ती तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची, आणि दाखला द्यायचा तो दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाने, त्यावर तिथल्या प्रमुख न्यायाधीशांची सही घेऊन. भरतीची जाहिरात निघाली की त्यातल्या अटी स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या भरवशावर राहू नका.

मला हा निकाल तत्त्वाने पटतो. कोर्ट न पाहिलेल्या पंचविशीतल्या न्यायाधीशापुढे उभं राहिल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे. पण याची किंमत कोण मोजतं? वडील वकील असलेला मुलगा ही तीन वर्षं सहज काढतो. शेतमजुराची मुलगी पूर्वी निकाल लागताच परीक्षेला बसू शकत होती, तिला आता तीन वर्षं जिल्ह्याच्या गावी राहून, खाऊन काढायची आहेत, आणि घरी रोज लग्नाचा विषय. बार कौन्सिलने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारसच. वकिलाचं ऑफिस निवडताना पैशांचं बोलणं पहिल्याच दिवशी करा, त्यात लाजायचं काय? एक दिलासा म्हणजे ३० जुलै २०२४ च्या निकालाने सनदेची फी कायद्यातल्या ७५० रुपयांवर आणली, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी हजारो रुपये मोजावे लागत.

म्हणून आई-बापांना सांगते, शिक्षणाचा खर्च पाच वर्षांचा धरू नका, आठ वर्षांचा धरा. आणि मुलगी असेल तर तिचीही आठच धरा.

कोर्ट बघायला दिवाळीत किंवा मे महिन्यात पोरांना पाठवू नका, तेव्हा दिवाणी कोर्टांनाही सुट्टी असते. बरीच लॉ कॉलेजं सकाळची असतात. तिथून अकराला निघा आणि दोनपर्यंत मागच्या बाकावर बसा. काळा कोट घालू नका, तो सनद मिळाल्यावर. वही मात्र आणा.