अर्धा जिन, आठ लियांग

चिनी भाषेत एक म्हण आहे : 'अर्धा जिन, आठ लियांग'. आपण 'एकाच माळेचे मणी' म्हणतो तसेच. जिन हे चीनचे जुने वजन. एका जिनचे सोळा लियांग, म्हणून अर्ध्याचे आठ. आपल्याकडेही शेराचे सोळाच छटाक होते, त्यामुळे माझ्या वयाच्या वाचकांना हे गणित समजावून सांगायला नको.

गंमत पुढेच आहे. १९५९ मध्ये चीन सरकारने जिनचे दहा लियांग केले; जिन मात्र आधीसारखा ५०० ग्रॅमचाच राहिला. आता अर्ध्या जिनचे पाचच लियांग होतात, म्हण मात्र आठावरच आहे! हाँगकाँगमध्ये सोळा लियांग कायम राहिले; तिथला जिन सुमारे ६०५ ग्रॅमचा, तैवानचा ६००. एकच शब्द, तीन वजने.

मला चीनचा मार्ग पटतो. लोकांच्या तोंडचा शब्द हिरावून घेतला नाही, फक्त त्याच्या आतले माप बदलले. आजीने जिन मागावा, नातवाने अर्धा किलो समजावे, भांडण नाही. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आणली आणि शेर कागदावरून गेला. पण बाजारात पावशेर मिरच्या मागा, अडीचशे ग्रॅम मिळतात. तिकडे सरकारने केले, ते इकडे भाजीवालीने केले.

मात्र शब्द राखायचा तर त्याचा अर्थ सर्वांना एकच हवा. चिनी औषधांना १९५९ च्या बदलातून वगळले होते, कारण मात्रा चुकली तर जिवाशी गाठ. आपला तोळा मूळचा ११.६६ ग्रॅमचा, आज सराफाकडे तोळा म्हणजे बहुधा १० ग्रॅम. आजीच्या जुन्या पाच तोळ्यांच्या पाटल्या ५८ ग्रॅमच्या. पन्नास समजून गप्प बसलात तर आठ ग्रॅम सोने गेले!

चिनी तराजूच्या दांडीवरील सोळा खुणांची एक लोककथा आहे. तेरा खुणा ताऱ्यांच्या, उरलेल्या तीन भाग्य, समृद्धी आणि दीर्घायुष्याच्या. गिऱ्हाइकाला एक लियांग कमी द्याल तर भाग्य जाईल, दोन दिलेत तर समृद्धी, तीन दिलेत तर आयुष्य. कथा सुरेख आहे, पण काटा मारणाऱ्याला तिचे भय वाटेलच असे नाही.

तेव्हा घरात बोलताना खुशाल तोळा म्हणा. पावतीवर मात्र ग्रॅमच लिहून घ्या.