घूस आणि खाजणाचा बांध

पनवेलच्या खाडीकाठी, जेथे गाढी नदीचे गोडे पाणी भरतीच्या पाण्याला मिळते आणि वाढत्या वसाहतींच्या आड अद्यापि काही भातखाजणे टिकून आहेत, तेथे माणसाच्या अगदी निकट राहूनही ज्याच्याकडे कोणी अभ्यासाच्या दृष्टीने पाहत नाही असा एक प्राणी म्हणजे घूस. वजनाने अर्ध्या किलोपासून किलोपर्यंत भरणारी, पाठीवर राठ काळ्या केसांची आणि चिडली असता केस फुलवून डुकरासारखी गुरगुरणारी ही घूस उत्तम पोहते, बुडी मारते, आणि धान्याइतकेच खेकडे व शंखगोगलगाई आवडीने खाते. जलाशयाचे सान्निध्य हीच तिच्या जीवनाची मुख्य अट होय. गटारांमुळे ती शहरातही सुखाने नांदते.

तिचा द्वेष करावा असे आम्हांस वाटत नाही. परंतु तिच्या बिळाकडे दुर्लक्ष करणे मात्र परवडणारे नाही. भरतीचे पाणी खाजणाबाहेर अडवणाऱ्या बांधाच्या कुशीत ताज्या उकरलेल्या मातीचा ढीग दिसला, की आत बीळ आहे हे निश्चित समजावे. त्याच वाटेने उधाणाचे पाणी शिरून खांड पडली, तर खारावलेली जमीन पुढील हंगामांतही पीक देत नाही. १९४८ साली मुंबई सरकारने खारभूमीचा कायदा केला, त्यामागे अशा बांधांच्या रक्षणाची निकड होती. शिवाय घुशीच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात.

म्हणून ज्येष्ठापूर्वी बांधाची पाहणी करून बिळे बुजवण्याची तजवीज व्हावी, आणि पायास जखम असता पुराच्या पाण्यात कोणी उतरू नये, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे.