थापी घासायची कोणी आणि मिस्त्री व्हायचं कोणी?



गिलाव्याची नवी थापी दुकानातून आणली की लगेच चालत नाही. पात्यावर तेल असतं, कडा धारदार असतात, कोपरे टोचतात. तशीच नीरूवर फिरवली तर भिंतीवर चरे उठतात. म्हणून आधी तेल पुसायचं आणि वाळू-सिमेंटच्या पहिल्या जाड थरावर ती काही दिवस चालवायची. वाळू कड झिजवते, कोपरे गोल करते. मग थापी भिंतीवरून अलगद फिरते. इथपर्यंत वाद नाही.

वाद पुढे आहे. ही थापी घासतो कोण?

कॉलेजच्या सुट्ट्यांत मी बिडकीन परिसरातल्या बांधकामांवर बिगारी म्हणून राबलो आहे. मिस्त्रीने नवी थापी माझ्या हातात दिली, म्हणाला, "घे, हात बसव." जाड थर मी मारला. थापी गुळगुळीत झाली आणि त्याच संध्याकाळी ती मिस्त्रीच्या पिशवीत गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर पुन्हा घमेलं. मजुरी बिगाऱ्याचीच!

मिस्त्री म्हणतात, "कष्टाशिवाय हात बसत नाही." मान्य. पण आमच्या वस्तीतल्या बाया वीस-वीस वर्षं माल कालवतात, घमेली वाहतात. मालात पाणी किती हवं हे त्यांना डोळ्यांनी कळतं. त्यांच्या हातात एकदा तरी थापी दिली का? मग अडचण हाताची आहे की हात कुणाचा आहे याची?

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ठणकावून सांगितलं होतं की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. तीही उतरंडीची. खरखरीत काम खालच्याने करायचं, गुळगुळीत काम वरच्याने घ्यायचं. 'बिगारी' हा शब्द तरी कुठून आला? वेठबिगारीतून. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली, पण हजेरीच्या वहीत तो शब्द अजून रोज लिहिला जातो.

खंडेनवमीला थापीला हळद-कुंकू लागतं. हत्याराची पूजा, हाताची उपेक्षा! १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसायांत गवंडीकामही आहे. प्रशिक्षण काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. ते पैसे आपल्या कराचे आहेत, हक्काने घ्या. पण 'गुरु-शिष्य परंपरा' आणि घराण्यातून चालत आलेलं कौशल्य हा तिचा विचार मात्र घेऊ नका. बापाचा धंदा पोराच्या गळ्यात बांधणं म्हणजेच तर जात! ज्याच्या बापाकडे थापीच नव्हती, त्याची परंपरा कोणती? घमेल्याची?

२९ सप्टेंबर २०२४ ला बिडकीनचं ७,८५५ एकरांचं औद्योगिक क्षेत्र राष्ट्राला अर्पण झालं. इथे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहणार, गिलावा होणार. त्या भिंतींवर आपली पोरं-पोरी थापी धरणार की घमेलं, हे आजच ठरवावं लागेल.

त्यासाठी भाषण नको, काम हवं. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या प्रत्येकाची, विशेषतः बायांची, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. मालकांकडून बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेतला जातो, तो त्यांच्याचसाठी आहे. ठेकेदार दाखला देत नसेल तर चार जण मिळून जा. आणि रविवारी विहाराच्या मागच्या भिंतीवर थापी धरायला शिकवा. आपल्यातले जे मिस्त्री झालेत त्यांनी तर आधी शिकवावं. तेही बिगाऱ्याकडून थापी घासून घेत असतील, तर त्यांनी जयंतीला निळा फेटा बांधून उपयोग नाही.

साधा नियम ठेवा: ज्याने थापी घासली, थापी त्याची. तिच्यावरची मजुरीही त्याचीच.

जय भीम! जय संविधान!